येडू साचेवाल्याची अर्धी साक्ष

तुम्ही शेवटची माफी कुणाची मागितलीत, आणि ती मागताना आपण काय केलं ते तोंडानं सांगितलंत का? की नुसतं ‘चुकलंमाकलं पोटात घाला’ म्हणालात, समोरच्यानं मान हलवली, आणि दोघंही चहा प्यायला मोकळे झालात? उत्तर द्यायची घाई नको. आधी येडूचं ऐका.

येडू मंद्रूपचा, जातीचा धनगर. बापाची साठ मेंढरं होती. तापाच्या साथीत बाप गेला, पुढच्या दोन सालांत पाऊस गेला आणि पावसामागं मेंढरं गेली. थोरला भाऊ बिरप्पा उरल्यासुरल्या सात मेंढरांपाशी गावात राहिला. येडू बायकोला, तानाबाईला, घेऊन सोलापुरात आला आणि गिरणीत चिकटला. आधी झाडू, मग सुताच्या कांड्या भरणं, मग तीन सालांनी साचा, म्हणजे कापड विणायचा माग. साच्यावर उभा राहिला की तो दुसरीकडं बघत नसे. धागा तुटला तर आवाजावरून ओळखायचा. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याला शिव्या कमी द्यायचा, आणि गिरणीत ह्यापेक्षा मोठी पदवी नाही.

गिरणीत कापड चोरायची एक रीत होती. तीनचार वार लट्ठा पोटाला गुंडाळायचा, वरून सदरा, आणि भोंगा झाला की गर्दीत मिसळून बाहेर. येडूनं तसं का केलं? बायकोला दिवस गेले होते, घरात फडकं नव्हतं, असं लिहिलं तर तुम्ही त्याला इथंच माफ करून टाकाल. म्हणून खरं तेच लिहितो. गरज नव्हती. बाकीचे नेत होते, हा नेत नव्हता, आणि बाकीचे म्हणायचे, नावाप्रमाणंच येडा हाय. एवढ्यासाठी नेलं.

तो कार्तिकातला दिवस होता. भोंगा झाला, माणसं फाटकाकडं निघाली, आणि पुढून कुजबुज आली की आज झडती आहे. एकेकाचा सदरा वर करून बघतायत. येडूच्या पोटाला तीन वार लट्ठा. तो रांगेतून हळूच सटकला आणि नळाच्या आडोशाला गेला. तिथं कट्ट्यावर एक घोंगडी गुंडाळून ठेवलेली होती. तिचा मालक पलीकडं हातपाय धूत होता.

तो मालक म्हणजे मानसिंग. गिरणीत सरकीचा कचरा गोळा करणारा, जातीचा पारधी. गावाबाहेर तारेच्या कुंपणात सरकारनं ज्या जाती कोंडल्या होत्या, त्यातला एक. पास दाखवून सकाळी बाहेर पडायचं, गिरणीत राबायचं, संध्याकाळी तारेच्या आत जाऊन हजेरी द्यायची. ह्या माणसानं काय गुन्हा केला होता, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे. तो जन्मला होता.

येडूनं पोटाचा लट्ठा सोडला, घोंगडीच्या गुंडाळीत सारला आणि घडी पुन्हा अशी बसवली की बाहेरून कळू नये. घोंगडीची घडी कशी धरते हे धनगराला शिकवावं लागत नाही. मग तो रांगेत परत आला, सदरा वर केला, आणि सुटला.

मानसिंग सुटला नाही. घोंगडी उलगडली, लट्ठा खाली पडला, आणि कुणी काही विचारलंच नाही. विचारायचं काय? तारेतला माणूस आणि चोरीचा माल, दोन्ही एका जागी सापडले होते. मानसिंग एवढंच म्हणत राहिला, “माझा न्हाय साहेब, कुणीतरी ठेवलाय.” शिपाई हसले. रांगेतली माणसं हसली. येडू हसला नाही, पण बोललाही नाही. चौदा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

ह्यानंतर येडूला भाकरी गोड लागेना. साच्यावर धागा तुटायचा आणि ह्याला ऐकू यायचं नाही. तो मंद्रूपला गेला, भावाला नुसतं म्हणाला, हातून पाप झालंय. बिरप्पा म्हणाला, “बिरोबाला बकरू दे. फिटतंय.” बकरू दिलं. मटण खाऊन सगळे झोपले, येडू जागाच.

अशा वेळी त्याला मिशनचे पाळक, म्हणजे पाद्री, भेटले. गिरणीच्या रस्त्यावर झाडाखाली उभे राहून ते बोलायचे. ते सांगत होते, एका कोकरानं सगळ्या जगाचं पाप आपल्या अंगावर घेतलं, त्याच्या रक्तानं माणूस धुतला जातो, लाल असलं तरी बर्फासारखं पांढरं होतं. येडूनं बर्फ बघितला नव्हता, कोकरू बघितलं होतं. तो तिथंच खाली बसला आणि रडला. सहा महिन्यांनी त्याचा बाप्तिस्मा झाला. नाव बदलू का, असं त्यानं विचारलं. पाळक म्हणाले, “नाव राहू दे. मन बदललं की झालं.” बिरप्पानं मात्र मंद्रूपहून निरोप धाडला की आता दारात येऊ नको.

मंडळीत, म्हणजे मिशनच्या देवळातल्या सभेत, रविवारी साक्ष द्यायची रीत होती. माणसानं उभं राहायचं, आधी आपण काय होतो आणि प्रभूनं आपल्याला काय केलं ते सांगायचं. येडूची साक्ष ऐकायला बाया डोळ्याला पदर लावूनच बसायच्या.

“मी चोर होतो,” तो म्हणायचा. “कळप सोडून काट्यात शिरलेलं मेंढरू असतंय, तसा होतो. मेंढरू काट्यात अडकलं की ओरडत न्हाय, माझ्या भावांनो. ते गप ऱ्हातंय. धनगरानंच हुडकायचं असतंय. त्यानं मला हुडकलं. खांद्यावर घेतलं.”

धनगराच्या तोंडून मेंढराची गोष्ट. माणसं हलून जायची. बार्शीच्या मंडळीनं त्याला मुद्दाम बोलावून नेलं, तिथं दोन दिवस जेवायला घातलं. कुणी विचारलं, काय चोरलं होतंस रे? तर येडू म्हणायचा, “जे चोरलं ते त्याच्या पायाशी ठेवलं.”

खोटं. ते त्यानं मानसिंगच्या घोंगडीत ठेवलं होतं.

पण ते तो बोलायचा नाही, आणि हळूहळू आपण बोलत नाही हेही विसरला. ‘मी चोर होतो’ म्हणून म्हणून तो शब्द गुळगुळीत झाला. मंडळीत त्याला मान आला, दानाची थाळी फिरवायचं काम आलं. आणि चौदा महिने संपून मानसिंग परत तारेत आला, तेव्हा येडूनं एवढंच केलं की गिरणीला जायचा रस्ता बदलला. आधी तो कुंपणाच्या कडेनं जायचा. आता पाव कोस लांबून जाऊ लागला. तानाबाईनं विचारलं, तर म्हणाला, “तिकडं कुत्री लई झालीत.”

चोरीच्या दिवसापासून अशी पाचेक वर्षं गेली.

येडूच्या चाळीत, त्याच्या भिंतीला भिंत लावून, हसकेलजी अष्टमकर राहायचे. रेल्वेत मिस्त्री होते, मूळचे कुलाबा जिल्ह्यातले, धर्मानं इस्राएल, म्हणजे यहुदी. ह्या धर्माची सोलापुरात दोनतीनच घरं असतील. चाळीतले लोक त्यांना ‘शनवारचे मिस्त्री’ म्हणायचे, कारण शनिवारी ते घरात चूल पेटू देत नसत. माणूस तोंडाचा फटकळ, पण हिशेबाला चोख.

आश्विनातली गोष्ट. दिवस कलायला आला होता. हसकेलजी अंघोळ करून, पांढरेशुभ्र कपडे घालून येडूच्या दारात येऊन उभे राहिले.

“या मिस्त्री, भाकरी खावा,” येडू म्हणाला.

“जेवण आत्ताच आटपलं. आता उद्या रात्री तारे दिसंपर्यंत पाणीबी नाही. उद्या आमचा दरफाळणीचा सण. दारं लावून आत बसायचं, उपास करायचा, वर्षभराच्या पापाची माफी मागायची. पण त्याआधी तुमच्याकडं काम होतं, येडूभाऊ. तुमची माफी मागायची हाय.”

“आगं बया,” तानाबाई चुलीपासनं म्हणाली, “परवा बादली लवंडली त्याची?”

“बादली तुमच्याच हातनं लवंडली, तानाबाई. त्याची माफी तुम्ही मागा.” हसकेलजी येडूकडं वळले. “गेल्या उन्हाळ्यात मी स्टेशनवर चार माणसांत बोललो, की येडूला काय येशू दिसला नाही, मिशन वाटतं त्या गव्हाचं पोतं दिसलं. लोक हसले. मलाबी बरं वाटलं. ते खोटं होतं. तुम्ही एक दाणा घेतला नाही हे मला ठाऊक होतं.”

येडूला हसू आलं. “मला तर हे म्हाईतच नव्हतं की.”

“तुम्हाला नव्हतं. मला होतं.”

“असू द्या मिस्त्री. माफ करणारा वरचा हाय.”

हसकेलजी दारातून हलले नाहीत. “वरच्याचं मी उद्या बघतो. त्याच्याशी वाकडं वागलो असलो तर तो उद्या माफ करंल. पण तुमच्या वाटचं त्याच्याकडं नाही. ते तुमच्याकडं हाय. तुम्ही दिल्याशिवाय तो माझं तोंड बघायचा नाही, असं आमचं शास्त्र सांगतं.”

“मग केलं माफ,” येडू म्हणाला. पण त्यानं ताट बाजूला सारलं. त्यानं विचारलं, “आणि त्या मानसानं न्हाय म्हटलं तर?”

“परत जायचं. तीनदा जायचं. तीनदा नाही म्हटला तर ओझं आपल्यावरचं उतरलं.”

दुसरा दिवसभर हसकेलजींचं दार बंद होतं. येडू त्या दिवशी रात्रपाळीचा, म्हणून घरात पडून होता. भिंतीपलीकडून पुटपुट यायची आणि मधूनमधून छातीवर मूठ मारल्याचा दबका आवाज. एक, मग थांबून आणखी एक. येडूनं डोक्यावर वाकळ ओढली तरी तो आवाज येत राहिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, उपासानंतरचा दानाचा दिवस. हसकेलजी दारात बसून भिकाऱ्यांना मुठीनं धान्य वाटत होते. येडू शेजारी जाऊन बसला.

“मिस्त्री, तुमच्यात येशू न्हाय. मग पाप जातंय कसं? कोकरू कोण?”

“पूर्वी आमचं देऊळ होतं, तेव्हा बकरा होता. ह्याच सणाला. दोन बकरे आणायचे. एक कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवायचा, सगळ्या लोकांचं पाप बोलून त्याच्या डोक्यावर घालायचा, आणि त्याला रानात सोडून द्यायचा. पाप घेऊन गेला. लोक मोकळे.”

 धनगरालाच सुचावा असा प्रश्न येडूनं विचारला. “त्या बकऱ्याचं पुडं काय व्हायचं? एकटं बकरू रानात जगत न्हाय.”

हसकेलजींची मूठ धान्यात तशीच राहिली. “कड्यावरनं ढकलायचे म्हणतात,” ते म्हणाले. “पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

“त्येनं काय केलं होतं?”

“काही नाही. म्हणून तर त्याला घ्यायचे.”

येडू उठला आणि आत गेला. त्या क्षणापासून त्याच्या डोळ्यापुढं कोकरू दिसेना. कट्ट्यावरची घोंगडी दिसायला लागली.

पण माणूस लबाड जात आहे. पाप कबूल करायला निघतो तेव्हाही तो पळवाट खिशात घालून निघतो. येडूनं हसकेलजींच्या बोलण्यातलं एकच पक्कं धरलं होतं, तीनदा जायचं. तीन खेपा झाल्या की सुटका. रविवारी मंडळीतून तो थेट तारेकडं गेला. फाटकावरच्या रखवालदाराला सांगितलं, मिशनचा माणूस आहे, मानसिंगला भेटायचंय.

मानसिंग बाहेर आला. केस पांढरे झालेले, एक खांदा खाली गेलेला. गिरणीचा पास तुरुंगात गेल्यावर बंद झाला होता, आता सडकेवर खडी फोडायला नेत होते. त्यानं येडूकडं नीट बघितलं.

“साच्यावरचा येडू न्हवं तू? मोठा येशूबुवा झालास म्हणं. आमाला बी पाण्यात बुडवायला आलास का?”

“न्हाय दादा. माफी मागाय आलोय.”

“कशाची?”

इथं येडूच्या तोंडात पाच वर्षांची सवय आली. “एका गिरणीत होतो,” तो म्हणाला. “कळत नकळत काय चुकलंमाकलं असंल, ते पोटात घाल.”

मानसिंग मोठ्यानं हसला. “तू माझ्याशी कवा धड बोलला न्हाईस, चुकशील कशात? अरं, आमच्याकडं माफी मागाय माणूस आला हेच आक्रीत. राजे, ए राजे, बाहेर ये, बग कोण आलंय.” त्याची बायको राजाबाई कुंपणाच्या आत येऊन उभी राहिली. मानसिंग तिला म्हणाला, “ह्यो आपली माफी मागतोय.” आणि येडूला म्हणाला, “केलं माफ. जा. ही घे, बिडी वड.”

येडूनं ती बिडी ओढली. मानसिंगनंच काडी पेटवून दिली.

घरी येताना त्याला हलकं वाटत होतं. चाळीच्या तोंडाशी हसकेलजी भेटले. येडूनं मोठ्या आनंदानं सांगितलं, “मिस्त्री, एका खेपंतच झालं. एका मानसाशी वाईट वागलो हुतो. आज त्येनं माफ केलं.”

“बरं केलंत. काय सांगितलंत त्याला?”

“म्हटलं, काय चुकलंमाकलं असंल ते—”

“असंल?” हसकेलजी थांबले. “येडूभाऊ, काय चुकलं हे त्या माणसाला ठाऊक तरी हाय का?”

येडूनं आत जायला पाऊल उचललं.

“मग त्यानं काय माफ केलं? बघा, आम्हीबी सणाला मोघम म्हणतो. आम्ही चोरलं, आम्ही खोटं बोललो, सगळ्यांचं मिळून एकदम, छाती बडवून. देवापुढं ते चालतं, त्याला बाकीचं ठाऊक असतं. माणसापुढं चालत नाही. माणसाला सांगावं लागतं. तुम्ही त्याच्याकडनं माफी घेतली नाहीत.” ते येडूच्या वाटेत उभे राहिले. “आता बोललो तर राग धरू नका. तुम्ही ती चोरलीत.”

येडूला राग आला. तो तडक पाळकांकडं गेला. वाटलं, तिथं तरी आपल्याला धुतलेला माणूस म्हणतील. पण तिथं गेल्यावर तोंडातून लट्ठा, नळ, घोंगडी, मानसिंग, सगळं पहिल्यांदाच बाहेर पडलं. पाळक ऐकत होते. बोलणं संपलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

“पाळकसाहेब, रक्तानं पाप धुतलं जातंय असं तुमीच सांगितलं.”

“खरं तेच सांगितलं.”

“मग मी धुतला गेलो का न्हाय?”

“ते प्रभू जाणे. पण त्यानंच सांगितलंय, की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव आणि आधी भावाकडं जा. हे मी तुला शिकवायला हवं होतं. पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही, की येडू, माल कुणाचा, भोगलं कुणी.” पाळकांनी आता येडूकडं बघितलं. “तुझी साक्ष मला फार आवडायची रे. मी माणसांना ती ऐकायला बोलवायचो.”

येडूला हे नको होतं. त्याला रागावलेला पाळक चालला असता. शरमलेला पाळक त्याला बघवेना, तो उठून निघाला.

पुढच्या रविवारी तो मंडळीत गेलाच नाही. सरळ तारेशी गेला. मानसिंग त्याला बघून हसतच आला. “काय रं, आज काय नवं चुकलं?”

येडूनं फाटकाची तार धरली आणि सांगितलं. कुठला दिवस, किती वार, कुठला नळ, घोंगडीची घडी कशी उलगडली आणि परत कशी बसवली. एकही शब्द गाळला नाही. सांगताना तो मानसिंगच्या पायांकडं बघत होता.

मानसिंग तारेच्या आणखी जवळ आला. मग म्हणाला, “परवा दिलेली माफी परत दे.”

“दादा—”

“माझी हाय ती. परत दे. आणि मी दिलेली बिडी वडलीस. वडताना तुला ठसकाबी लागला न्हाय.”

राजाबाई कुंपणाला येऊन टेकली होती. तिचा आवाज शांत होता, आणि येडूला तोच जास्त लागला. “आमी कुणावर संशेव घेतला, म्हाईत हाय का तुला? माझ्या भावावर. रावजीवर. त्यो बी त्याच गिरणीत हुता. दुसरं कोण ठेवणार, असं म्हणून मी त्येच्याशी बोलणं तोडलं. पाच सालं. त्येनं देवाची आण घेतली तरी ऐकलं न्हाय. गेल्या शिमग्याला त्यो मेला. मी तोंड बघाय बी गेले न्हाय.”

येडूनं ह्याचा कधी विचारच केला नव्हता. एक लट्ठा त्यानं सारला होता. तो कुठंकुठं जाऊन उलगडला होता, ते त्याला आज कळत होतं.

“मी काय करू, सांगा,” तो म्हणाला.

“माफीचं मागनं बगू,” मानसिंग म्हणाला. “जितं माझं नाव लिवलंय तितं जा, आणि तुझं लिव.”

म्हणजे काय, हे येडूला कळलं. नोकरी जाणार. तुरुंग. मंडळीतली थाळी. घरी येऊन त्यानं तानाबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप तिनं खाली ठेवलं नाही.

“चार सालं तुमी मला कुत्री लई झालीत म्हणून सांगितलंत,” ती म्हणाली.

“तू जाऊ नको म्हणलीस तर न्हाय जात.”

“वा. म्हंजे ते बी माझ्या घोंगडीत ठेवता व्हय?”

येडूनं आणखी चार दिवस काढले. हे लपवून उपयोग नाही. चार दिवस तो गिरणीला गेला, साचा चालवला, आणि रोज म्हणाला, उद्या. पाचव्या दिवशी गेला. आधी गिरणीच्या कचेरीत, मग फौजदाराकडं. फौजदार म्हणाला, पाच वर्षांनी कशाला उकरतोस, शिक्षा भोगून झाली की त्याची, घरी जा. येडू गेला नाही. तो बाकावर बसून राहिला. शेवटी कंटाळून जबानी लिहून घेतली. कोर्टात त्याला तीन महिने पडले. गिरणीनं साचा काढून घेतला. मंडळीनं थाळी काढून घेतली, पण पाळक दर पंधरवड्याला तुरुंगात भेटायला गेले, आणि हसकेलजींनी तानाबाईच्या घरात जोंधळा कमी पडू दिला नाही.

सुटल्यावर येडू तिसऱ्यांदा तारेशी गेला. मानसिंग अजून आतच होता. तोच खांदा, तीच खडी.

“नाव लिवलं माझं,” येडू म्हणाला. “आता तरी?”

“तुझं लिवलं,” मानसिंग म्हणाला, “पण माझं पुसलं न्हाय. हितल्या तारेच्या साहेबाला इचारलं. त्यो म्हणाला, कोर्टाचा निकाल सरकारनंच फिरवाय पायजे, मी काय करू? आणि चोरीचं पुसलं तरी तू तारेतच. तुला चोरीपायी आत ठेवलेलं न्हाय, जातीपायी ठेवलंय. दाखला सवच्छ असंल तर बाहेरच्या वस्तीत जागा द्यायचा इचार करू, म्हणाला. दाखला सवच्छ कसा हुणार?”

ह्या वेळीही त्यानं माफ केलं म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. आत निघून गेला.

हसकेलजी म्हणाले, “येडूभाऊ, तीन खेपा झाल्या. आमच्या शास्त्रानं तुमचं ओझं उतरलं.” पाळक म्हणाले, “आणि आमच्या शास्त्रानं तू केव्हाच क्षमा पावलास.” येडूनं दोघांनाही हात जोडले. “तुमचं शास्त्र खरं असंल,” तो म्हणाला. “पण मानूस अजून तारंत हाय.”

मग तिघांनी मिळून सरकारला अर्ज लिहिला. मानसिंगवरचा निकाल रद्द करा, त्याचा दाखला कोरा करा आणि त्याला, त्याच्या बायकोला तारेबाहेर सोडा. पहिला अंगठा येडूचा, खाली हसकेलजींची आणि पाळकांची सही. त्या अर्जाला आज आठ महिने झाले. कचेरीतला कारकून म्हणाला, तीन माणसांच्या म्हणण्यावर सरकार हलत नाही, गावातली शेदोनशे माणसं उभी करा. येडू आता मालधक्क्यावर हमाली करतो. दर रविवारी दुपारनंतर तो स्टेशनबाहेर, टांगे उभे राहतात तिथं, तो अर्ज पत्र्याच्या नळीत घालून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पहिल्यापासून सगळं सांगतो. मी चोर होतो, एवढ्यावर आता तो थांबत नाही. माणसं ऐकतात, हळहळतात, कुणी त्याच्या पाया पडतं, कुणी पैसा टाकतं. सह्या आजवर एकेचाळीस.

तुम्ही सोलापुरात असाल तर ह्या रविवारी तिथं जा. बाहेरगावी असाल तर सोलापूरवरून गाडी जाईल तेव्हा उतरा. अर्ज नीट वाचून घ्या, कारण मोघम सही आम्हाला नको. लिहिता येत असेल त्यानं पूर्ण नाव लिहा, नसेल त्यानं अंगठा द्या. येडूच्या पाया पडू नका, त्याला धीर देऊ नका, धन्य आहेस म्हणू नका. मानसिंग आत आहे, तेवढी सही करा.